वर ढकलणारा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. नाण्याएवढा, गोल, पाठीला काळा आणि तोंडाला लाल. लाल रंग कडेकडेने उडाला आहे, पण माझ्यावरचा पांढरा दोनचा आकडा अजून वाचता येतो. माझी गोष्ट सांगायला मला कुणी बोलावलेले नाही. मी रागावलो आहे म्हणून सांगतो आहे. चुंबकाला कसला आला राग, असे तुम्ही म्हणाल. वर्षानुवर्षे कुणाच्या तरी अंगठ्याखाली राहून बघा, मग बोलू.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काळी पूड साच्यात दाबली, भट्टीत भाजली आणि त्याची चकती झाली. तोवर मी नुसता दगड होतो. मग मला विजेच्या एका मोठ्या वेटोळ्यातून नेले आणि ओढ म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळले. माझ्या डोक्यावर लाल टोपी बसवली, तीवर आकडा छापला. आम्ही अकरा लाल होतो आणि अकरा निळे. आमच्याबरोबर एक पांढरा पत्र्याचा फळा होता, त्यावर फुटबॉलच्या मैदानाच्या हिरव्या रेघा आखलेल्या. आम्हा सगळ्यांना एका खोक्यात घालून एका क्लबकडे धाडले.

क्लबच्या खेळाडूंची खोली लांबट होती. दोन्ही बाजूंना बाक, बाकांवर खुंट्या, खुंट्यांवर ओले सदरे. तिथे कायम मोज्यांचा आणि दुखऱ्या पोटऱ्यांना चोळायच्या मलमाचा वास असे. कोपऱ्यात एक गळका नळ होता, त्याखाली बादली. नळ आणि दार यांच्या मधल्या भिंतीवर खिळा ठोकून आमचा फळा टांगला गेला आणि मला उजवीकडे, मागच्या रांगेत चिकटवण्यात आले. आमच्या संघात ती जागा दोन नंबरची, म्हणजे उजव्या बचावपटूची.

त्याचे काम तुम्हाला आधी सांगतो, कारण ते ठाऊक नसताना त्याच्यावर तोंड सोडणाऱ्यांमुळेच ही गोष्ट घडली. समोरच्या संघाचा खेळाडू मैदानाच्या उजव्या कडेने आपल्या गोलकडे आला की त्याला अडवायचे, हे जुने काम. चेंडू आपल्याकडे असला की त्याच कडेने वर धावत जायचे, आघाडीच्या खेळाडूंना जोड द्यायची आणि त्यांच्या गोलपुढे चेंडू घालायचा, हे नवे काम. पण तो वर गेला की मागची त्याची जागा रिकामी पडते. ती कुणीतरी भरावी लागते. हा ‘कुणीतरी’ शब्द लक्षात ठेवा. माझा सगळा राग त्याच्याभोवती आहे.

आमच्या संघाचे प्रशिक्षक सकाळी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काम करत आणि संध्याकाळी संघाला शिकवत. सगळे त्यांना सर म्हणत. तरुणपणी ते आघाडीला खेळत, पण गुडघा गेला आणि खेळ सुटला. माणूस वाईट नव्हता. हे मला सांगावेच लागेल, कारण खोटे सांगून राग काढणे मला पटत नाही. एखाद्या खेळाडूचा पाय मोडला तर सर दवाखान्यात त्याच्या आईच्या शेजारी बसून राहत. पावसात चिखल झाला तर स्वतः फावडे घेऊन मैदानात उतरत. पण त्यांची एक पद्धत होती, आणि ती पद्धत मला आजही सहन होत नाही.

खिडकीत एक बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा होता, झाकणावर घोड्याचे चित्र असलेला. सामना हरला की दुसऱ्या दिवशी सर सगळ्या संघाला बाकांवर बसवत आणि फळ्यावर गोल मांडत. म्हणजे गोल झाला त्या क्षणी जो जिथे होता तिथे त्याचा चुंबक लावत. मग त्यांचे बोट फळ्यावरून फिरे, फिरे आणि एकावर थांबे. तो चुंबक काढून ते डब्यात टाकत. त्या आकड्याचा खेळाडू पुढच्या सामन्यात बाहेर बसे. खेळाडू याला ‘डब्यात जाणे’ म्हणत. आमचा गोलकीपर संघात वयाने सर्वांत मोठा, अंगाने त्याहून मोठा. त्याला सगळे दादा म्हणत आणि कप्तानही तोच होता. तो म्हणायचा, मला घालायचं असेल तर तेलाचा डबा आणा, यात माझा आकडासुद्धा मावायचा नाही. सगळे हसत. ज्याचा चुंबक डब्यात असे तोही हसे, कारण न हसून सांगतो कुणाला.

आता नीट पाहा. गोल झाला त्या क्षणाचे चित्र मांडले की गोलजवळ जो असायला हवा होता आणि नाही, तोच चोर दिसतो. तो तिथे का नव्हता, हे त्या चित्रात नसते. त्यासाठी चित्र मागे न्यावे लागते. चेंडू कुणी घालवला, तेव्हा हा कुठे होता, तिथे त्याला कुणी पाठवले होते. सरांनी चित्र कधी मागे नेले नाही. त्यांना दोषी हवा असे, आणि तो शेवटच्या चित्रात आयता मिळे.

आमच्यातला सहा नंबर हरवला तो परगावच्या एका सामन्याला जाताना. बस खड्ड्यातून गेली, फळा सीटवरून पडला आणि सगळे चुंबक बसभर पांगले. आम्ही बाकीचे सापडलो. सहा सापडला नाही. सरांनी सीटखाली वाकून पाहिले, गुडघा दुखला तसे उठले, खिशातून जाड काळे पेन काढले आणि फळ्यावरच्या मैदानाच्या मधोमध एक गोल काढून त्यात सहाचा आकडा लिहिला. तात्पुरतं, असे ते म्हणाले. ती शाई न पुसली जाणारी होती. एक चुंबक आणायला बाजारात जायचे, इतकेच काम होते. ते कुणी केले नाही. तो शाईचा सहा फळ्यावर तसाच राहिला, अगदी मधोमध, आणि शाई काही हलत नाही.

तेव्हा कुणाचे काही अडले नाही, कारण त्या वेळी सहा नंबरला मास्तर खेळत. ते खरोखरच शाळेत शिकवत. मैदानाच्या मध्यावर उभे राहून मागे लक्ष ठेवणे हे त्यांचे काम. उजवा बचावपटू वर गेलेला दिसला की मास्तर सावकाश त्याच्या रिकाम्या जागेत सरकत. शेजारी दार उघडे टाकून बाहेर गेल्याचे दिसावे आणि आपण आपली खुर्ची त्याच्या उंबऱ्याशी नेऊन बसावे, तसे. त्यांना कुणी सांगत नसे. फळ्यावर कुणी दाखवत नसे. ते आपले जात. म्हणून ते जातात हे कुणाच्या लक्षातच आले नाही.

याच काळात सुतळी आमच्या क्लबात आला. उंच, काटकुळा, म्हणून सुतळी. त्याची थोरली बहीण कपाटे बनवण्याचे दुकान चालवत असे, आणि तो सकाळी तिच्याकडे दारांना बिजागऱ्या बसवायचे काम करी. त्याच्या हातांना कायम पॉलिशचा वास यायचा. सामन्याआधी सगळे बाहेर पडले की तो फळ्यापाशी थांबे आणि माझा आकडा तिरका झाला असला तर बोटाने सरळ करी. इतक्या वर्षांत माझ्याकडे असे पाहणारा तो एकटाच.

सरांना तो पाहताक्षणी आवडला. त्यांचा नवा डाव असा होता की उजव्या कडेचा सात नंबर आत वळेल, आणि त्याने सोडलेल्या कडेवर थेट मागून दोन नंबर धावत येईल. ते अंगठा माझ्यावर टेकवत आणि मला मध्यरेषेपलीकडे ढकलत. वर. अजून वर. सुतळी मान हलवे, आणि एकदा त्याने विचारलेही, इतकं वर का. सर म्हणाले, मागे रेंगाळलास तर तुझा उपयोग काय, त्यापेक्षा मी खांब उभा करीन. त्या अंगठ्याचा दाब मला अजून आठवतो. फळ्यावरची हिरवी रेघ त्या वाटेवर पुसट झाली, इतक्या वेळा मी तिथून वर गेलो.

पहिला हंगाम कौतुकात गेला. वर्तमानपत्राने सुतळीला ‘धावता बचावपटू’ म्हटले. चौकातल्या न्हाव्याने त्याचे केस फुकट कापले. खरे सांगायचे तर त्याचे क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलपुढे घातलेले चेंडू, बेताचेच होते, तीनातला एक तरी गोलच्या मागे जाई. पण तो वर दिसे आणि लोकांना धावणारा माणूस आवडतो.

मग मास्तरांची बदली झाली. त्यांच्या जागी एक नवा खेळाडू आला. केस चापून बसवलेले, मोज्यात कंगवा. पहिल्याच दिवशी त्याचे नाव नवरदेव पडले. खेळाडू चांगला होता, मेहनती होता आणि सांगितले ते ऐकणारा होता. त्याने फळ्याकडे पाहिले, आपला सहाचा गोल मधोमध दिसला, आणि तो मैदानात मधोमध उभा राहिला. दुसरे काय करणार होता तो?

आता गोल होऊ लागले, आणि सगळे एकाच साच्याचे. सुतळी सांगितल्याप्रमाणे वर. आपला चेंडू मध्येच हुकतो. समोरचा खेळाडू आमच्या उजव्या कडेच्या मोकळ्या मैदानात लांब चेंडू टाकतो. तिथे कुणी नाही. सुतळी जीव तोडून मागे धावतो, आणि गोल होताना तो गोलपुढच्या चौकटीच्या बाहेर धापा टाकत पोचलेला असतो. शेवटच्या चित्रात तो असा दिसतो. उशिरा आलेला.

प्रेक्षकांत एक चष्मेवाले काका होते, कायम खालच्या पायरीवर बसत. ते ओरडायचे, “दोन नंबर, दुकान उघडं टाकून कुठल्या गावाला गेलास रे?” सगळी पायरी हसे. न्हाव्याने पुन्हा पैसे घ्यायला सुरुवात केली. वर्तमानपत्राने लिहिले, उजवी बाजू म्हणजे उघडे दार. त्याच वर्तमानपत्राने, मित्रांनो. आदल्या वर्षी त्याचे वर जाणे गुण होते, या वर्षी तेच वर जाणे दोष झाले. मध्ये फक्त मास्तर गेले होते, आणि ते गेले याची बातमी मात्र कुणी केली नव्हती.

मी डब्यात गेलो. एकदा बाहेर आलो, पुन्हा गेलो. आत अंधार असतो आणि शिळ्या बिस्किटांचा वास. बाहेरून सरांचा आवाज येई, शिस्त नाही या मुलाला. मला ओरडावेसे वाटे की अहो, मला वर ढकलणारा अंगठा तुमचाच होता. पण डब्याचे झाकण घट्ट होते आणि तसेही, चुंबकाला तोंड नसते.

हंगाम संपत आला. शेवटून दुसरा सामना आम्ही तीन गोलांनी हरलो. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचे ते क्लबचे मंडळ ठरवणार होते, आणि सुतळीला काढायचे असे जवळजवळ ठरलेच होते. तो काही कोवळा मुलगा राहिला नव्हता. ‘उघडे दार’ म्हणून बाहेर पडलेल्या बचावपटूला दुसरा कुठलाच संघ दारात उभा करत नाही.

त्या संध्याकाळी दुकानात काय झाले ते मला नंतर कळले, कारण आज मी त्याच दुकानात राहतो आणि ती गोष्ट तिथे पुष्कळदा निघते. सुतळी ताईला म्हणाला, मी खेळणं सोडतो, सगळं गाव म्हणतंय म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल. त्याला सरावाला जाता यावे म्हणून ताईने कितीतरी दुपारी त्याच्या वाटच्या बिजागऱ्या स्वतः बसवल्या होत्या. ती म्हणाली, “सोडायचं तर सोड. पण लोक म्हणतात म्हणून वाईट खेळलो असं मानून सोडू नकोस. काय झालं ते आधी मला दाखव.”

त्याने कामाच्या टेबलावर स्क्रू मांडले. हा मी, हा सात नंबर. मी इथून असा वर जातो. ताईने रिकाम्या जागेवर बोट ठेवले. मग इथे कोण?

“कुणीतरी येतं,” तो म्हणाला.

“कुणीतरी म्हणजे कोण? नाव सांग.”

त्याने तिथे एक स्क्रू ठेवला आणि पुन्हा उचलला. मग म्हणाला, पूर्वी मास्तर यायचे. आता कुणीच येत नाही. ताईने विचारले, मग हे सरांना का नाही सांगत? तो म्हणाला, “सांगितलं की ते नवरदेवला डब्यात घालतील. त्याला तरी कुठे कुणी सांगितलंय?”

मित्रांनो, ज्याला सगळे बेजबाबदार म्हणत होते, तो हा माणूस.

मंडळाची बैठक आमच्याच खोलीत भरली. सगळा संघ बाकांवर होता. मंडळाच्या चिटणीसबाई खुर्चीवर बसल्या. त्या दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका होत्या, आवाज कधी चढवत नसत. सरांनी डबा उघडला, मला काढले आणि मध्यरेषेपलीकडे खट्कन चिकटवले. बाकीचे चुंबक त्यांनी पहिल्या गोलाच्या क्षणाला होते तसे लावले; त्या गोलाला सुतळी मागे पोचलाच नव्हता. म्हणाले, हे बघा बाई, गोल आपल्यावर होतोय आणि हा उभा आहे त्यांच्या दारात. चोरी कशी झाली म्हणून वेगळा तपास करायला नको.

बाईंनी सुतळीला विचारले, तुला काही बोलायचे आहे का.

तो उठला. त्याने हाताचा पॉलिशचा डाग पँटला पुसला. “दुसरा गोल माझाच, बाई. माणूस माझ्या समोर होता, मी वळायला उशीर केला. त्याबद्दल काय ते बोला मला. पहिला आणि तिसरा, या दोन्हींबद्दल सरांना एकच विचारायचंय.”

सर म्हणाले, विचार.

“तेव्हा मी कुठे असायला हवं होतं, तेवढं लावून दाखवा.”

सरांनी मला ओढले आणि मागे आणले. इथे, ते म्हणाले.

“बरं. सात नंबर आत वळलाय. वर कडेला कोण?”

सरांचा अंगठा सवयीने माझ्यावर आला आणि मला वर घेऊन निघाला. मध्यरेषेपाशी तो थबकला. सर पुन्हा मला मागे घेऊन आले. आता वरची कड मोकळी. पुन्हा वर. आता मागची कड मोकळी. वर, मागे, वर. पत्र्यावर घासून माझी पाठ तापली, आणि खरे सांगतो, त्या वेळी मला बरे वाटत होते.

सुतळी हळूच म्हणाला, “सर, मी एकच आहे.”

बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसले. मग दादा उठला. तो फळ्यापाशी आला, आपल्या जाड बोटाने त्याने माझी मागची रिकामी जागा दाखवली आणि म्हणाला की मास्तर होते तेव्हा ते इथे यायचे. गोलात उभा राहून मी रोज बघायचो. मला वाटलं सरांनीच सांगितलंय त्यांना.

मागच्या बाकावरून नवरदेव उठला. त्याचा चेहरा उतरला होता. “इथे? माझी जागा मध्ये आहे ना?” त्याने त्या शाईच्या सहावर बोट टेकवले आणि तो गोल खाली ढकलू लागला. पत्र्यावर बोट करकरले. गोल जागचा हलला नाही. त्याने पुन्हा दाबून ढकलले. “हा तर हलतच नाही, सर. तुम्ही ह्याला कधीच हलवलं नाहीत.”

सर चिडले. हे काय सांगावं लागतं का, म्हणाले, खेळणाऱ्याला एवढं कळायला नको?

“ह्याला वर जा म्हणून रोज सांगत होतात की,” दादा म्हणाला. “ते बरं सांगावं लागलं.”

चिटणीसबाईंनी विचारले, सहा नंबरचा चुंबक हरवून किती दिवस झाले. त्या म्हणाल्या, डब्यात बघा, पडला असेल. सरांनी डबा टेबलावर उपडा केला. जुन्या बिस्किटांचा चुरा पडला. दुसरे काही नव्हते.

तुम्हाला वाटेल, आता सरांनी माफी मागितली असेल. नाही. बाईंनी तरी लगेच निकाल दिला असेल. तोही नाही. निर्णय शेवटच्या सामन्यानंतर घेऊ, असे ठरले आणि सगळे उठले. ज्याला काढायची एवढी घाई होती, त्याला निर्दोष म्हणायची मात्र कुणाला घाई नव्हती. सर तेवढे एकटेच फळ्यासमोर थोडा वेळ उभे राहिले. मी त्यांच्या समोरच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, त्या शाईच्या गोलाकडे पाहिले, नखाने तो खरवडून पाहिला आणि दिवा घालवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सुतळी दुकानातून कपाटाच्या दाराचा एक चुंबक घेऊन आला. तपकिरी, चौकोनी, मध्ये स्क्रूचे भोक. त्यावर त्याने खिळ्याने सहाचा आकडा कोरला होता. फळ्यावर तो इतक्या जोरात बसला की शेजारचे दोन निळे चुंबक उडून बादलीत पडले. दिसायला अगदी गावंढळ, पण त्याच्याइतकी ओढ आमच्यात कुणाला नव्हती. सर म्हणाले, हे काय ध्यान आणलंय. पण सरावाच्या वेळी त्यांचा उजवा अंगठा मला वर घेऊन निघाला, आणि डाव्या अंगठ्याने त्यांनी त्या ध्यानाला खाली ओढले. मी आयुष्यात पहिल्यांदा वर जाताना मागे वळून पाहिले नाही.

शेवटच्या सामन्यात फळा पाण्याच्या खोक्याला टेकून मैदानाच्या कडेला ठेवला होता, त्यामुळे खेळ मला थोडा दिसला. सुतळी वर गेला, नेहमीसारखाच. त्याचे दोन क्रॉस गोलच्या मागे गेले, नेहमीसारखेच. एकदा माणूस त्याला चकवूनही गेला. आमचा चेंडू हुकला तेव्हा समोरच्यांनी त्या ओळखीच्या मोकळ्या मैदानात लांब चेंडू टाकला. तिथे नवरदेव उभा होता. त्याने चेंडू थांबवला, केसांवरून हात फिरवला आणि दादाकडे परत दिला. पुन्हा टाकला, पुन्हा तोच. समोरच्यांनी मग तिकडे चेंडू टाकणेच सोडले. आम्ही एका गोलाने जिंकलो.

आता ऐका, मला खरा संताप कशाचा आहे ते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले: दोन नंबरचा खेळ सुधारला, प्रशिक्षकांच्या शिस्तीचा परिणाम. सुधारला. अहो, तो तिथेच होता. तसाच धावला, तसाच चुकला, तसाच परतला. त्याच्या खेळात रेघेचाही फरक नव्हता. फरक दुसऱ्याच माणसात पडला होता, चार ढांगांवर, आणि तिकडे पाहायला एकाही शहाण्याला सवड नव्हती. चष्मेवाले काका म्हणाले, डब्यात घातल्याशिवाय ताळ्यावर येत नाहीत ही पोरं. सर शेजारीच होते. त्यांनी ऐकले. ‘नाही हो, माझी मांडणी चुकली होती’, एवढे एक वाक्य बोलायचे होते. त्यांनी चहाचा कप उचलला.

मंडळाने सुतळीला पुढच्या वर्षासाठी ठेवले, ‘खेळातील सुधारणा लक्षात घेऊन’. त्याने ते दुकानात मोठ्याने वाचून दाखवले आणि हसला. म्हणाला, राहिलो ना, बास. ताई दाराला बिजागरी लावत होती. तिने हातातला स्क्रू पूर्ण पिळला. मग म्हणाली, “राहिलास. पण चुकीच्या कारणासाठी. ज्या कारणाने आज ठेवलं, त्याच कारणाने उद्या दुसऱ्याला काढतील.”

तसेच झाले. पुढच्या हंगामात सरांनी डाव्या बाजूलाही तोच डाव सुरू केला. माझा डावीकडचा भाऊ, तीन नंबर, वर ढकलला गेला. त्याच्या मागे कोण, हे कुणी विचारले नाही. दोन सामन्यांत तो डब्यात. सुतळी तेव्हा उठून उभा राहिला, फळ्यापाशी गेला आणि म्हणाला की सर, गोलापासून नको, जरा मागून सुरू करा. त्याला खाली बसवण्यात आले. तरी तो पुढच्या पराभवानंतर पुन्हा उठला, आणि त्याच्याबरोबर नवरदेवही उठला. डबा बंद पडायला आणखी पुष्कळ पराभव लागले.

पुढे क्लबात डाव दाखवायला संगणकाचा पडदा आला. आता खेळाडू त्यावर उजेडाच्या ठिपक्यांसारखे हलतात. आमचा फळा भंगारात निघाला, तेव्हा सुतळीने दोनच चुंबक उचलले: मला आणि त्या कपाटाच्या सहाला. तो आता खेळत नाही. आम्ही दोघे ताईच्या दुकानातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर असतो. माझ्याखाली गिऱ्हाइकांच्या कपाटांची मापे अडकवलेली असतात. काम साधे आहे आणि कुणी मला शिव्या देत नाही.

पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. तुम्ही सामने बघाल, खेळाल, कधी कुणाच्या खेळावर बोलाल. गोल झाला आणि एखादा मागे धावत उशिरा पोचताना दिसला तर बोट उचलण्याआधी चित्र मागे न्या. त्याला तिथे कुणी पाठवले होते? त्याच्या जागी कोण यायचे ठरले होते? ठरले तरी होते का? चूक त्याची असेल तर खुशाल त्याच्या नावावर लिहा, दुसऱ्या गोलासारखी. पण ‘कुणीतरी’ची चूक त्याच्या नावावर लिहू नका. आणि तुमच्यातला एखादा तुकडा हरवला तर बाजारात जा आणि नवा आणा. त्याच्या जागी शाईचा गोल काढून मोकळे होऊ नका.

दुकानात गिऱ्हाइकांबरोबर त्यांची मुले येतात. माप देणे चालू असते, त्यांना कंटाळा येतो, मग ती कपाटाशी खेळतात. हमखास एखादा छोटा अंगठा माझ्यावर टेकतो आणि मला दारावरून वर ढकलू लागतो. मी जातो. वर जाता जाता मी एवढेच बघतो, की दुसरा हात त्या चौकोनी सहाकडे जातो आहे की नाही.